अठ्ठेचाळीसच्या संचातून बाराचा दिवा

कापडाच्या गादीवर बसणाऱ्याने बॅटरीवर लिहावे, हे काही वाचकांना चमत्कारिक वाटेल. पण नुकसान आमच्याच खिशातून गेले आहे, तेव्हा बोलण्याचा थोडा हक्क आम्हालाही आहे.

विंचूरहून लासलगाव-येवल्याच्या बाजारांना गाठोडी नेण्यासाठी आम्ही बॅटरीची मालवाहू तीनचाकी घेतली. संध्याकाळी माल मांडायचा तर दिवे हवेत, भोंगा हवा. संच ४८ व्होल्टचा, म्हणजे १२-१२ च्या चार बॅटऱ्या ओळीने जोडलेल्या. दिवे मात्र १२ चे. मिस्त्रीने एकाच बॅटरीच्या दोन टोकांना तारा लावल्या आणि म्हणाला, "चाचा, फुकटात काम झाले!" सात महिन्यांत संच बसला. नव्या संचाला तीस-चाळीस हजार मोजावे लागले.

कारण पुढे एका जाणत्या कारागिराने समजावले. ६० वॅटचे दिवे १२ व्होल्टवर ५ अँपिअर खातात. सहा तासांत ३० अँपिअर-तास गेले आणि तेही चौघींपैकी एकटीतून. रात्री चार्जर लावला की चौघींतून वीज सारखीच वाहते. तिघी आधी भरतात, उकळून पाणी गमावतात. चौथी अर्धपोटीच राहते आणि तिच्या पट्ट्यांवर गंधकाचा थर घट्ट बसतो. यंत्रमागवाले ओळखतील : बीमवर एका बाजूचा ताणा ढिला पडला की ताका सगळाच खराब होतो.

उपाय साधा आहे. ४८ चे १२ करून देणारा कन्व्हर्टर घ्यावा. तो चारही बॅटऱ्यांवर सारखा भार टाकतो; तेच ६० वॅट संचातून जेमतेम दीड अँपिअरने मिळतात. थोडी वीज उष्णतेत जाते, ती जाऊ द्यावी. गाडीबरोबर आलेला कन्व्हर्टर गाडीच्या दिव्यांपुरताच असतो, त्यावर दुकानाचा भार लादू नये. नवा आपल्या भारापेक्षा थोडा मोठा घ्यावा, संचाच्या टोकाजवळ फ्यूज घालावा आणि काम नसताना बटण बंद ठेवावे, कारण रिकामा कन्व्हर्टरही थोडी वीज पितच असतो.

हे आज लिहिण्याचे निमित्त होडीचे आहे. कोपरगावकडे गोदावरीत मासे धरणारा आमचा एक गिऱ्हाईक होडीला बॅटरीची मोटर बसवतो आहे. दिवा, पाणी उपसायचा छोटा पंप आणि मोबाईल, एवढेच त्याचे सामान. त्यालाही कोणीतरी तोच "फुकटातला" सल्ला दिला होता! रस्त्यावर गाडी बंद पडली तर ढकलता येते, भर पात्रात रात्री काय करणार? लिथियमचा संच असेल तर एकच कोष खाली गेला तरी आतले रक्षक यंत्र अख्खा संच तोडते; मोटर, दिवा, पंप, सगळे एकदम. म्हणून होडीवर आम्ही म्हणू की दिवा आणि पंपासाठी १२ ची लहान बॅटरी वेगळीच ठेवा आणि ती कन्व्हर्टर किंवा योग्य चार्जरमधून भरा. मोठा संच रुसला तरी दिवा राहील, पंपही चालेल.

हे काही हौसेचे खूळ नव्हे. केरळात वैकम ते तवणक्कडवू ७५ प्रवाशांची 'आदित्य' ही सौर विजेची फेरीबोट २०१७ पासून धावू लागली. आमच्या निफाड तालुक्यातल्या नांदूरमध्यमेश्वरला रामसर दर्जा मिळाला आहे. पाखरांच्या अशा पाण्यात होडी न्यायची वेळ आली तर बिनआवाजाचीच लागेल, अर्थात वनखात्याची परवानगी घेऊन.

तेव्हा वायरिंग करणाऱ्या आपल्या कारागीर भावांशी एक भांडण आहे. गिऱ्हाईक खर्चाला कुरकुरते, हे आम्हाला दुकानदार म्हणून ठाऊक आहे. पण ताक्यात ऐब असेल तर आम्ही तो उलगडून दाखवतो आणि मगच भाव बोलतो. तुम्हीही कन्व्हर्टरचे हजार-दीड हजार हिशेबात आधीच लिहा. गिऱ्हाईक नको म्हणाले तर दिव्यांची तार जोडू नका. आमच्या त्या मिस्त्रीला आम्ही हेच सांगितले. तो आता एका बॅटरीवरून तार काढत नाही, मात्र मजुरी पन्नास रुपयांनी वाढवली आहे.