ओट्यामागे उभा कोण?

भूमध्य समुद्रात माल्टा नावाचा बेटांचा देश आहे. सारा देश ३१६ चौरस किलोमीटरचा, म्हणजे आपल्या एखाद्या लहान तालुक्याएवढा. माणसे पाच लाखांवर. पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही हिवाळ्यात. उन्हाळा कोरडा ठाक. दगडी बांध घालून राखलेली उथळ माती आणि बहुतेकांची जमीन हेक्टरच्या आतली. इथे शतकानुशतके कापूस होत असे. अठराव्या शतकात त्याचे सूत स्पेनला जाई. १८६१ ते १८६५ या अमेरिकेच्या यादवी युद्धात वऱ्हाडासारखाच इथल्याही कापसाला चार दिवस भाव आला आणि युद्धाबरोबर ओसरला. कोरडवाहू कापूसवाल्यांना ही कथा परकी वाटू नये.

आज तिथला शेतकरी भाजीपाल्यावर जगतो. पाहुण्यांना सांगतात, स्थानिक खायचे तर जुन्या बाजारात जा. राजधानी वालेट्टातला लोखंडी सांगाड्याचा जुना बाजार २०१८ साली नटूनथटून पुन्हा उघडला, तो मुख्यतः खाण्यापिण्याच्या गाळ्यांसाठी. मार्साश्लॉक बंदरावर रविवारी मासळी, फळे, मध आणि टेबलावरची कापडे एकाच रांगेत. बाजार देखणा खरा. पण सिसिली शंभर किलोमीटरच्या आत आहे. २००४ मध्ये माल्टा युरोपीय संघात गेला, आयात भाजीवरची जकात उठली आणि बोटीतून येणारा माल वाढला. आमची त्याला हरकत नाही. सिसिलीच्या शेतकऱ्यालाही पोट आहे. एवढेच, की टोमॅटो कुठला हे बाजाराच्या वयावरून कळत नाही.

कळते ते ता काली इथे. महायुद्धातल्या जुन्या विमानतळाच्या जागेवर घाऊक बाजार आहे, पिटकलिया. शेतकरी पेट्या आणून अडत्याच्या हवाली करतो. त्या अडत्याला तिकडे पिटकाल म्हणतात. तो विकतो, आपली अडत कापतो, उरलेले हातावर ठेवतो. कोणाला काय भावाने विकले हे आपल्याला नीट कळत नाही, ही तिथल्या शेतकऱ्यांची जुनी तक्रार. नाव माल्टी, धंदा ओळखीचा! त्याच ता कालीत मंगळवारी आणि शनिवारी दुसरा बाजार भरतो. तिथे पिकवणाराच ओट्यामागे उभा असतो आणि भाव स्वतःच्या तोंडाने सांगतो.

गिऱ्हाइकाला स्थानिक मालाची कळकळ असेल तर त्याने बाजार किती जुना हे विचारू नये, ओट्यामागे कोण आहे ते विचारावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पण नुसता ओटा मिळून भागत नाही. आठवड्याचे दोन दिवस विकायला उभे राहायचे तर रानात कोण? आणि पिकला टोमॅटो थांबत नाही. दिवस कलला की भाव पाडून मागणारे येतातच. म्हणून तिथल्या घरांतून टोमॅटो उन्हात वाळवतात, रानातल्या केपरच्या कळ्या मिठात मुरवतात, मेंढीच्या दुधाच्या चीजवड्या करून त्यांना मिरी चोळतात. जबेयना म्हणतात त्या वड्यांना. हा माल मंगळवारी नाही खपला, तर शनिवारी त्याच भावाने मांडता येतो.