यंत्रानें वाढलेलें पान

घरांतील वडीलधाऱ्या माणसांनीं मांजर पाळलें असतां त्यांच्या सोयीसाठीं जीं नवीं यंत्रें बाजारांत आलीं आहेत तीं घ्यावींत कीं नाहीं, अशी पृच्छा दोघां वाचकांनीं केली आहे. प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाहीं. मुलें परदेशीं, घरांत दोन वृद्ध जीव आणि तिसरें एक मांजर, अशी स्थिति आतां पुण्यामुंबईच्या पुष्कळ घरांतून आढळते. तेथें वाकतांना एकाचा तोल गेला कीं तिघांचेही हाल होतात.

मांजराच्या शौचाची पेटी आपोआप चाळून घाण खालच्या खणांत लोटणारें जें यंत्र आहे, त्यास आम्ही निःशंक अनुकूल आहों. मांजराच्या विष्ठेंतून टॉक्सोप्लाझ्मा नामक जंतु बाहेर पडला तर तो एक ते पांच दिवसांत संसर्गक्षम होतो. म्हणून घाण रोजच्या रोज निघावी हें इष्ट, आणि सत्तरीच्या माणसास रोज उकिडवें बसवत नाहीं. घरांत लहान पिल्लू असेल तर मात्र यंत्र बंद ठेवावें.

ठरल्या वेळीं मोजके दाणे थाळींत सोडणाऱ्या यंत्राविषयीं आम्हांस थोडें सविस्तर लिहावयाचें आहे. त्यांत दूधभात चालत नाहीं, कोरडें खाद्यच लागतें. हें एका अर्थीं मांजराचें भाग्यच! टॉरीन नांवाचें द्रव्य मांजराचें शरीर पुरेसें निर्माण करूं शकत नाहीं, आणि धान्यांत तें मिळत नाहीं. त्याच्या अभावीं हृदय दुबळें होतें, हें १९८७ सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं दाखवून दिलें. आपल्या माजघरांतील मांजरें उंदरांवर ती उणीव भरून काढीत. तिसऱ्या मजल्यावरच्या मांजरानें उंदीर कोठून आणावा?

परंतु खरी अडचण निराळीच आहे. आमच्या परिचयाच्या एका बाईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, तेव्हां चिरंजीवांनीं परदेशांतून असें यंत्र पाठविलें. दाणे पडले कीं त्यांच्या फोनवर तसा निरोप जाई. मुलगा तिकडे निश्चिंत, आणि यंत्र आहे म्हणून आई इकडे निश्चिंत. थाळींत ढीग सांचला होता. मांजरानें दोन दिवस तोंड लावलें नव्हतें! शेजारच्या मुलीचें लक्ष गेलें म्हणून निभावलें. मांजर, विशेषतः लठ्ठ मांजर, दोनतीन दिवस उपाशी राहिलें तर यकृतांत चरबी सांचून दगावूं शकतें. किती वाढलें हें साधें यंत्र सांगतें, किती खाल्लें हें सांगत नाहीं. पेटीचेंही तसेंच. बोक्याची लघवी तुंबली तर एकदोन दिवसांत प्राणावर बेततें. पूर्वीं वाळू काढणारास तें सहज कळे. आतां खण मुद्दाम उघडून पाहिला पाहिजे.

वीज गेली तरी सेलवर चालेल आणि वेळापत्रक स्वतःपाशींच ठेवील असेंच यंत्र घ्यावें. अमेरिकेंतील पेटनेट कंपनीचीं यंत्रें दूरच्या संगणकांवर विसंबलेलीं होतीं. ते २०१६ च्या जुलैंत कांहीं तास बंद पडले, आणि २०२० च्या फेब्रुवारींत पुन्हां जवळजवळ आठवडाभर खोळंबा झाला.

आमची सूचना अशी कीं, सकाळचें पान यंत्रानें वाढावें व संध्याकाळचें घरच्या माणसानें. चिरंजीवांनीं यंत्राचा निरोप वाचून न थांबतां फोन करून विचारावें, "आई, आज त्यानें खाल्लें का?" आईनेंही खाल्लें कीं नाहीं, हें त्याच बोलण्यांत कळतें. वैश्वदेवानंतर कुत्र्याकावळ्यांचा भाग हळूच भुईवर ठेवावा, असें मनुस्मृतींत सांगितलें आहे. परंतु आजचे गुडघे ध्यानीं घेतां मांजराची थाळी कमरेइतक्या उंच, भक्कम मेजावर ठेवण्यास आमची हरकत नाहीं. तें उडी मारून वर येईल. मांजरही म्हातारें असेल, तर मध्यें एक बुटकें स्टूल ठेवावें.