सूर्यावरचे डाग आणि आपले वारे

पावसाने पाठ फिरवली की गावोगावी कारणांचा बाजार भरतो. कोणी ग्रहांना दोष देतो, कोणी नक्षत्राच्या वाहनाला. त्यांत आता सूर्यावरील डागांचीही भर पडते. हे कारण शास्त्राच्या वेशात येते, म्हणूनच ते अधिक काळजीपूर्वक तपासावे, असे आम्हांस वाटते.

त्यात तथ्य आहे. हे डाग सुमारे ११ वर्षांच्या चक्राने वाढतात व घटतात; असे चक्र असल्याचे जर्मनीतील हाइन्रिश श्वाबे यांना आढळले. या चक्रात सूर्याची एकूण ऊर्जा जेमतेम ०.१ टक्क्याने बदलते. अतिनील किरणांतील बदल मात्र प्रमाणाने पुष्कळ अधिक असतो. हे किरण स्थितांबरातील ओझोन शोषून घेतो. त्यामुळे तेथील तापमान बदलते, विषुववृत्त व ध्रुव यांमधील तापमानाची तफावत बदलते आणि ध्रुवाभोवती वेगाने फिरणारे हिवाळी वारेही बदलतात. त्याचा क्षीण परिणाम खालच्या थरांपर्यंत पोहोचू शकतो.

परंतु क्षीण संबंध म्हणजे भाकीत नव्हे. १८७६-७८ च्या भीषण दुष्काळानंतर, सूर्य अभ्यासला तर मान्सून कळेल ही आशा बळावली. कोडाईकनालच्या सौर वेधशाळेच्या उभारणीमागे तीही होती. पुढे हवामान खात्याचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर यांनी डागांच्या नोंदी पावसाशी ताडून पाहिल्या. भरवशाचा संबंध दिसला नाही, तेव्हा त्यांनी तसे स्पष्ट सांगितले. नोंदी पडताळत ते महासागरांवरील वायुदाबाच्या 'दक्षिणी दोलना'पर्यंत पोहोचले. एल निनोच्या आजच्या आकलनाचा तो एक आधार आहे.

आमच्यापैकी अनेकांचे आईवडील कोरडवाहू शेतीवर जगले. पावसाचा चुकलेला अंदाज त्यांच्या घरी दुबार पेरणीचे कर्ज होऊन येई. म्हणून हा प्रश्न आम्हांस केवळ पुस्तकी वाटत नाही. कारण तपासल्याविना मानू नये, ही शिकवण आम्हांला याच शाळेत मिळाली.

तेव्हा आमची सूचना साधी आहे. माजी विद्यार्थ्यांनी शाळेला एक पर्जन्यमापक व एक वातकुक्कुट द्यावे. वसतिगृहातील मुलामुलींनी रोज सकाळी नोंद करावी आणि वही पुढच्या तुकडीच्या हाती सोपवावी. अकरा वर्षांत सूर्याचे एक चक्र पुरे होईल. तेवढ्याने सूर्य आणि वारे यांचे कोडे सुटणार नाही. पण नोंदीवाचून बोलू नये, हे मात्र त्या मुलांच्या अंगवळणी पडलेले असेल.