मापी शेर आणि वजनी शेर

पाककृती लिहिणाऱ्या समस्त मंडळींनो, सुकामेवा वाटीने सांगणे आता बंद करा. हात जोडून सांगतो.

माझी भाची सुरतेजवळ इच्छापोरला असते. जावई हजिऱ्याच्या एका कारखान्यात नोकरीला. गेल्या वर्षी ती बाळंत झाली आणि डिंकाच्या लाडवांसाठी तिने आमच्या आईच्या वहीची झेरॉक्स काढली. वहीत 'खारीक २ वाट्या'. एवढेच. अख्खी की पूड, बियांसकट की बिया काढून, काही नाही. वाटी आईची, आणि ती आमच्या डिचोलीच्या घरात फडताळात. पोरीने इंटरनेटवरचा तक्ता पाहिला, एक कप सुकामेवा म्हणजे १५० ग्रॅम, आणि ३०० ग्रॅम खारीकपूड घातली. लाडू वळेचनात. मला फोन, "मामा, आजीची वाटी केवढी होती रे?"

मी ती वाटी काढून मापली. पाणी मावते १५० मिली. तक्त्यातला कप अमेरिकन, सुमारे २४० मिलीचा. आईच्या वाटीत अख्ख्या खारका सात-आठ, बाकी हवा. बिया काढून दोन वाट्यांचे वजन भरले ११० ग्रॅम. म्हणजे पोरीच्या परातीत जवळजवळ तिप्पट खारीक पडली. गूळ मात्र वहीत पाव किलो असाच लिहिलेला, कारण तो दुकानातून तोलूनच यायचा. मग भुगा होणार नाही तर काय?

तोच प्रकार बेदाण्यांचा. त्याच वाटीत सैल भरले तर ९० ग्रॅम, बोटाने दाबले तर १०५. जर्दाळू, अंजीर, काजूचे तुकडे, प्रत्येकाचा आकडा वेगळा. आणि तक्तेवाले सगळ्यांना एकच १५० चिकटवून मोकळे! आमच्या कार्यालयात असा तक्ता जोडून फाईल पाठवली तर शेरा मारून परत येईल.

कुणी म्हणेल, वाटीवरच तर आपल्या पिढ्या जगल्या. कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'ने (१९७०) वाटी-चमच्याचे माप घरोघर नेले. खरे आहे, आणि मला वाटीचे वावडे नाही. एक वाटी रवा, दोन वाट्या पाणी हे प्रमाण कुठल्याही वाटीने जमते, कारण दोन्हीकडे तीच वाटी. एक जिन्नस वाटीने आणि दुसरा किलोने आला की ते मोडते.

'अंदाज हीच आपली परंपरा' असे गहिवरून लिहिणाऱ्यांना तर परंपराच ठाऊक नाही. आपल्याकडे शेर दोन होते. धान्याला मापी शेर, असे चार शेर म्हणजे पायली. किराण्याला वजनी शेर, ऐंशी तोळ्यांचा, आजचे सुमारे ९३३ ग्रॅम. दोघांची गल्लत कुणी करत नसे. वैद्य तर त्याहून काटेकोर. कुडव, प्रस्थ मोजताना पातळ आणि ओली द्रव्ये कोरड्याच्या दुप्पट घ्यावीत असा त्यांचा नियमच आहे. आईचा 'अंदाज' म्हणजे काय होता? तीच वाटी, तोच दुकानदार, तशीच खारीक, चाळीस वर्षे. आता वही गुजरातेत गेली, वाटी गोव्यात राहिली.

आणि माप गाव बदलले की बदलते, ही काही नवी गोष्ट नव्हे. चाळीस शेरांचा जुना सरकारी मण सुमारे ३७ किलोंचा. गुजरातच्या बाजारात आज मण म्हटले की २० किलो. या घोळासाठीच १९५६ चा वजनमापांचा कायदा आला आणि देशभर किलो-ग्रॅम सुरू झाले. बाजार सुधारला, स्वयंपाकाची वही तिथेच.

तोलकाटा नाही ही सबबही चालणार नाही. चारपाचशे रुपयांत घरगुती काटा मिळतो, तेवढ्याचे बदाम आपण सणाला सहज आणतो. काटा नकोच असेल तर निदान खारकेपुढे 'बिया काढून, पूड' हे तीन शब्द लिहा. सुकामेव्याच्या प्रत्येक पाकिटावर निव्वळ वजन छापणे सक्तीचे आहे. पाकीट केराच्या टोपलीत टाकण्याआधी तो आकडा पाककृतीत उतरवायला असा किती वेळ लागतो?