जुन्या डिझेल गाडीची पुनर्बांधणी : आधीं थांबविणें, मग ओढणें

पालघर, बोईसर, तारापूर व मनोर या टापूंत शेतमालाचें ओझें आज बहुतांशीं लहान डिझेल पिकअप गाड्यांवर आहे. रानांतील गवत वखारींत न्यावयाचें असो, भाताचीं पोतीं गिरणीवर पोंचवावयाचीं असोत, कीं डहाणू-घोलवडकडील चिकू बाजारांत धाडावयाचा असो, बैलगाडीची जागा या गाडीनें घेतली आहे. नवी गाडी घेण्याची ऐपत सर्वांस नसते. म्हणून महिंद्राची किंवा टाटा 207 जातीची जुनी गाडी घ्यावी, तिचें एंजिन पुन्हा बांधावें, मागें ट्रॉली जोडावी व भारी ओढीस लावावी, असा विचार पुष्कळ शेतकरी बंधु करितात. हा विचार मुळांत वाईट नाहीं. यांत्रिक पंपाचीं तीं जुनीं एंजिनें साधीं व दणकट आहेत. परंतु कामाचा क्रम मात्र सर्वत्र उलटा दिसतो, आणि त्याविषयींच हे चार शब्द.

मिस्त्र्याकडे गेल्याबरोबर मालक पहिला प्रश्न विचारतो तो हा, कीं ताकद किती वाढेल? मिस्त्रीहि पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवून देतो. गाडी काळा धूर ओकूं लागते आणि मालकास वाटतें कीं जोर आला. वस्तुतः तो धूर म्हणजे अर्धवट जळालेलें, पैसे मोजून घेतलेलें डिझेल होय. त्या अतिरिक्त उष्णतेनें पिस्टन व हेड यांचा नाश लवकर होतो. थोडें गणित करावें. गाडी, ट्रॉली व माल मिळून 4 टन वजन 10 फुटांस 1 फूट अशा चढावर ताशीं 18 किलोमीटर वेगानें न्यावयाचें, तर सुमारें 27 अश्वशक्ति पुरे. टायरांचें व गिअरांचें घर्षण धरलें तरी आंकडा 40 च्या आंत राहतो. या गाड्यांची मूळ शक्ति 60 च्या आसपास आहे. तेव्हां उणीव शक्तीची नसून धीराची आहे. खालच्या गिअरांत सावकाश चढण्याची आहे.

खरी कसोटी उतारावर लागते. पालघर-मनोर रस्त्यावरील वाघोबा खिंड भरल्या गाडीनें जो उतरला आहे, त्यास हें सांगणें नलगे. वेग दुप्पट झाला कीं ब्रेकांनीं जिरवावयाची ऊर्जा चौपट होते. म्हणून पुनर्बांधणीचा पहिला रुपया ब्रेकांवर खर्च व्हावा. ड्रम गोल आहेत कीं नाहींत हें मोजून पाहावें, रबरें व नळ्या नव्या घालाव्या, आणि ब्रेकचें तेल बदलावें; कारण तें हवेंतील ओलावा शोषतें व तापल्यावर दगा देतें. भारी ट्रॉलीस स्वतंत्र ब्रेक हवाच. तिच्या वजनाचा सुमारें दहावा हिस्सा गाडीच्या हुकावर यावा. भार मागें गेला तर ट्रॉली झोले खाऊं लागते.

दुसरा रुपया चेसीवर. आमच्या भागांत वर्षाकाठीं 2000 मिलिमीटरांहून अधिक पाऊस, त्यांत समुद्राची खारी हवा. रंगाखालीं लोखंड पोखरलेलें असतें; तें हातोडीनें ठोकून पाहावें. हूक बसवितांना चेसीच्या वरच्या-खालच्या पट्टीस भोंक पाडूं नये, कारण सर्व ताण तेथेंच येतो. भोंक मधल्या उभ्या भागांत घ्यावें. बोल्टाच्या डोक्यावर 8.8 वा 10.9 असा आंकडा असल्याची खात्री करावी.

एंजिनाची पाळी यानंतर. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीमुळें बोईसरास लेथ व ग्राइंडिंगचें काम जाणणारे कारागीर जवळच मिळतात, हें आपलें भाग्य. पण चांगलें काम म्हणजे चकाकणारा रंग नव्हे; चांगलें काम म्हणजे मोजलेलें काम. सिलिंडर वर, मध्यें व खालीं, दोन दिशांनीं, मिलिमीटराच्या शंभराव्या भागापर्यंत मोजावा. हेडाचे बोल्ट मधून कडेकडे, टप्प्याटप्प्यानें, टॉर्क पान्यानेंच आवळावे. आणि बांधणीनंतर पहिले 1000 किलोमीटर भारी ओझें मुळींच लावूं नये.

कोणी म्हणेल, इतका खर्च करण्यापेक्षां नवीच गाडी कां घेऊं नये? चेसी कुजली असेल तर आमचेंहि मत तेंच आहे. तशा गाडीवर पैसा घालूं नये. चेसी शाबूत असेल तर मात्र मोजून केलेल्या कामास दिलेली जास्त मजुरी वाया जात नाहीं. हंगामाच्या ऐन भरांत गाडी बसली तर जें नुकसान होतें, तें कोणत्याहि बिलापेक्षां मोठें असतें.

कायद्याकडेहि दुर्लक्ष नको. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 प्रमाणें गाडींत मनास येईल तसा फेरफार करतां येत नाहीं. एंजिन बदलल्यास तशी नोंद व्हावी लागते, आणि ट्रॉलीहि कायद्यानें वाहनच आहे. नोंदणीपत्रांतील वजनाची मर्यादा बळकट पाटे घातल्यानें वाढत नाहीं.

महसूल खात्यांत कारकुनी करून एक गोष्ट आम्हांस पक्की उमगली : ज्याची नोंद नाहीं, त्याचा वाद होतो. जमिनीस सातबारा आहे, गाडीस कां नसावा? कोणता भाग बदलला, मूळ माप काय, नवें माप काय, तारीख कोणती, काम कोणाचें, हें एका वहींत लिहून कारागिराची सही घ्यावी. चांगला कारागीर सहीस कचरणार नाहीं, व जो कचरेल त्याची पारख तेथेंच होईल.

आपल्या संघानें बोअर मोजण्याचें एक यंत्र, एक टॉर्क पाना व अशा नोंदीचा छापील नमुना सभासदांसाठीं ठेवावा, अशी आमची नम्र सूचना आहे. खर्च थोडा आहे. गवताच्या गाठींवर बसून मजूर जातात; तसें बसूं देणें चूकच, परंतु जोंवर तें चाललें आहे तोंवर खिंडींत ब्रेक न लागल्यास प्राण त्यांचे जातात, हें प्रत्येक मालकानें ध्यानांत धरावें.