हात न टेकता

खुर्चीतून उठणं ही काय परीक्षा झाली, असं कुणालाही वाटेल. पण डॉक्टरमंडळी ती गंभीरपणे घेतात. साधारण १७ इंच उंचीची, बिनहाताची खुर्ची भिंतीला टेकवायची, हात छातीवर फुलीसारखे धरायचे आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजायचं. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या तक्त्यात ७० ते ७४ वयाच्या पुरुषांना १२ आणि बायकांना १० ही सीमा आहे. त्याखाली गेलात की पडण्याचा धोका. आणि हात टेकून उठलात तर सरळ शून्य! इतके कडक पेपर मीसुद्धा कधी तपासले नाहीत.

परीक्षा चांगलीच आहे, पण माझ्या मते आपल्याकडे तो अर्धाच पेपर होतो. आमच्या जित्याजवळ, हमरापूर-जोह्याकडे गणपतीच्या कारखान्यांत माणसं तासन् तास जमिनीवर बसून काम करतात. विळीवर भाजी चिरणं, पंगत, भजन, सगळं खालीच. इथल्या म्हाताऱ्या माणसाला विचारायला हवं ते हे, की जमिनीवरून कसे उठता? ब्राझीलच्या डॉ. क्लाउदिओ आराउजो यांची परीक्षा तीच: बसण्याचे ५ गुण, उठण्याचे ५, हात वा गुडघा टेकला की दर टेक्याला एक वजा. आपल्या देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ साली ४५ वर्षांवरची माणसं आणि त्यांचे जोडीदार मिळून ७२ हजारांहून अधिक लोकांची पाहणी केली. तीत खुर्चीतून उठणं आणि उकिडवं बसणं हे प्रश्न वेगवेगळे होते. योग्यच केलं.

घरोघरी मात्र वेगळंच चाललंय. "आई, खाली नका बसू," म्हणत सून प्लास्टिकची खुर्ची पुढे करते. माया असते, नाही असं नाही. गुडघे झिजले असतील तर खुर्ची हवीच, तिथे हट्ट नको. पण धडधाकट माणसालाही खाली बसू दिलं नाही, तर मांड्यांतली ताकद जाणारच. मग चारचौघांत दोन माणसांनी काखेत धरून उठवावं लागेल, या लाजेने म्हातारी हळदीकुंकवाला जायचंच बंद करते. घरच्यांना वाटतं, आईला हल्ली हौस उरली नाही!

तेव्हा नातेवाईक मंडळी, पुढच्या खेपेला घरी गेलात की एकदा मोजा. प्लास्टिकची खुर्ची नको, सरकते. शेजारी कुणीतरी उभं राहा, पण हात देऊ नका. माझे ११ झाले आणि घड्याळ थांबलं तेव्हा मी निम्म्याहून वर उठलेलो होतो. नियमाप्रमाणे ते पूर्ण धरतात, म्हणून नातवाला १२ लिहायला लावले.