नाल झिजायची वाट पाहू नका

माथेरानच्या दस्तुरी नाक्यावर घोडेवाल्याला विचारलं, "नाल कधी बदलता?" की बहुतेकदा मला एकच उत्तर मिळालं आहे: "झिजली की." पर्यटक दुसऱ्या टोकाला. मुक्या जनावराच्या पायात खिळे ठोकायचेच कशाला, रानातल्या घोड्याला कोण नाल मारतं? दोन्ही म्हणणी मला अमान्य आहेत. पहिलं जास्त, कारण त्याचा त्रास घोडा रोज सोसतो.

पर्यटकाचं आधी पाहू. खुराची बाहेरची भिंत आपल्या नखासारखीच. तिच्यात ना रक्त, ना वेदना. पाय उलटा धरला की भिंत आणि तळवा जुळतात तिथे एक फिकट रेघ दिसते. खिळा तिच्या बाहेर राहिला तर घोड्याला दुखत नाही. आत गेला तर मात्र तो लंगडतो. म्हणून चांगला नालबंद प्रत्येक घावाला कान देऊन असतो. घट्ट भागातून जाणाऱ्या खिळ्याचा आवाज टणक येतो. तो बद्द झाला की हातोडी थांबते. रानातल्या घोड्याचं म्हणाल, तर त्याच्या पाठीवर माणूस नसतो आणि जांभ्याच्या खडबडीत वाटेवर त्याला दिवसभर फेऱ्या माराव्या लागत नाहीत. अशा कामात खूर वाढीपेक्षा वेगाने झिजू शकतो. काम हलकं, माती मऊ आणि खूर भक्कम असेल, तर घोडा बिननालेचा मजेत राहतो, हे मान्य. पण ते त्याचे पाय बघून ठरवायचं, नुसती दया आली म्हणून नव्हे.

आता "झिजली की". या उत्तरात हिशेब लोखंडाचा आहे, खुराचा नाही. खूर महिन्याला साधारण 6 ते 10 मिलिमीटर वाढतो. नाल मारल्यावर तो जमिनीला घासत नाही, त्यामुळे वाढलेला सगळा साठत जातो. म्हणजे नाल जितकी टिकाऊ, तितका धोका मोठा! तीन महिन्यांत पुढचा भाग जवळपास इंचभर लांबतो, टाच दबते आणि पायामागच्या कंडरेला दर पावलाला जादा ओढ बसते. मोठ्या मापाचे बूट घालून चढ चढून बघा, कळेल. शिवाय वाढत्या खुराबरोबर नालही पुढे सरकते आणि तिची मागची टोकं तळव्यात रुतू लागतात.

मागच्या पावसाळ्यानंतर एका तट्टाची नाल काढताना मी शेजारी उभा होतो. "अजून महिनाभर गेली असती," मालक म्हणत होता. नालबंदाने पुढचा पाय गुडघ्यांत धरून एकेक खिळा सोडवला. नाल निघाली तसा कुजका वास आला. तळाच्या त्रिकोणी, रबरासारख्या गादीच्या खाचांत काळी चिकट घाण भरली होती. सुरीचं टोक लागताच तट्टाने पाय झटकला. लोखंड खरंच शाबूत होतं. नालबंदाने खाचा साफ केल्या, खूर तासला, कानशीने सपाट केला आणि तीच नाल पुन्हा बसवली.

खर्चाच्या तक्रारीचं उत्तर तिथेच मिळालं. दर वेळी नवी नाल लागत नाही, लागते ती मजुरी, सहा ते आठ आठवड्यांनी एकदा. लंगडा घोडा ठाणावर बसून राहिला तरी चंदी खातोच.

माथेरानच्या वाटेवर बसवलेल्या पेव्हर ब्लॉकवर घोडे घसरतात, हे घोडेवाल्यांचं गाऱ्हाणं मी खोटं म्हणत नाही. ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि जायलाच हवं होतं. पण ठाणाखालची लीद आणि ओल काढायला, रोज संध्याकाळी चारी पाय उचलून खाचा कोरायला कुणाच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही. नाल मारली त्याच दिवशी पुढची तारीख तबेल्याच्या भिंतीवर कोळशाने लिहा. त्या तारखेला नाल नवीकोरी दिसली तरी ती काढा.